दालन मिळत नाही? वाड्यात प्रदर्शन भरवायला किती खर्च येतो

कलामहाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला चित्रं तयार असतात, पण दालन नसतं. मुंबईच्या जहांगीरमध्ये तर अर्ज केल्यावर वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मग जुना वाडा, रिकामं गोदाम, वाचनालयाचं सभागृह, सुट्टीतले शाळेचे वर्ग आठवतात, आणि ते जरूर आठवावेत. १९८८ साली डेमियन हर्स्टने विद्यार्थी असतानाच लंडनच्या गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत सोबत्यांसह ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवलं. त्यासाठी त्यांनी प्रायोजक गाठले, नीट छापलेला कॅटलॉगही काढला. जागा फुकट मिळाली तरी बाकीचा खर्च चुकत नाही.

माझं ठाम मत आहे की जागा कच्ची रेखाटनं चालू असतानाच ठरवावी. वाड्याच्या अंधाऱ्या माजघरात पेन्सिलीची बारीक रेघ दिसत नाही, तिथे कोळशाचं मोठं काम उठून दिसतं. गोदामाच्या उंच भिंतीवर हाफ इम्पिरियलचा कागद हरवून जातो. म्हणून वही घेऊन सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला तिथे बसा. ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते पाहा; त्या भिंतीवर जलरंग लावू नका.

आता हिशेब. वीस चित्रं, तीन दिवस, शहरातलाच वाडा असं धरू. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत; तुमच्या गावचे दर विचारून ते बदलून घ्या. काच-माउंटसह चौकटीला हजार रुपये धरले तर वीस हजार तिथेच जातात. वाड्यात चौकटींची गरज नसते. तिथल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही आणि गिलावा पडतो तो वेगळाच. त्यापेक्षा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तार ताणा, तिला तंगूस बांधा आणि बाइंडर क्लिपने कागद टांगा. क्लिपखाली जाड कागदाची घडी ठेवली की चित्रावर वळ उठत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर ठेवा. हे सगळं सामान पाचशे रुपयांत येतं.

वाचलेले पैसे उजेडावर खर्च करा. चारशे रुपयांचे दहा क्लिपचे दिवे म्हणजे चार हजार. वीजबिलाची काळजी नको: १० वॅटचे दहा दिवे रोज आठ तास लावले तरी तीन दिवसांत २.४ युनिटच जळतात. मात्र जुनी वायरिंग वायरमनला दाखवल्याशिवाय एकही दिवा लावू नका, त्याचे पाचशे. टेम्पोचे दीड हजार, दोन रात्रींच्या राखणदाराचे सोळाशे, साफसफाई आणि शेवटी भिंतीची डागडुजी मिळून दीड हजार, मालकाला भाडं म्हणून दोन हजार. बेरीज ११,६०० रुपये. चौघांनी मिळून भरवलं तर प्रत्येकी २,९०० येतात. गोदामात टेम्पो दारापर्यंत जातो, पण दिवे दुप्पट लागतात.

मंगल कार्यालयांचा विचार फारसं कोणी करत नाही. पितृपक्षात तिथे लग्नं नसतात, त्यामुळे भाड्यात घासाघीस करायला वाव असतो आणि वीज, पाणी, स्वच्छतागृह तयार मिळतं. पावसाळ्यात कागदाचं काम असेल तर वाड्यापेक्षा हीच जागा घ्यावी. वाड्यात ओल येते आणि कागद एका रात्रीत फुगतो.

परवानगी तोंडी घेऊ नका. वाड्याला अनेक वारस असतात. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने उद्घाटनाच्या सकाळी कुलूप घातलं तर काही करता येत नाही. सगळ्यांच्या सह्यांचं साधं पत्र घ्या. त्यात तारखा, भाडं, विजेचा खर्च कोणाकडे आणि भिंतीचं नुकसान कोणी भरायचं एवढं लिहा. फूटपाथ किंवा बागेत मांडायचं असेल तर महापालिका आणि पोलीस ठाण्यात आधीच अर्ज द्या. जागा ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा.