अमेरिका की कॅनडा? : उपनगरांतील स्थलांतरितांच्या निवडीचा अभ्यास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय वस्त्यांत उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेला एखादा आप्त वा परिचित असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. एके काळी घरात चर्चा होई ती परदेशी जावे की न जावे, याची. अलीकडच्या काळात तिची जागा दुसऱ्याच प्रश्नाने घेतली आहे. जावयाचेच झाले, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जावे की शेजारच्या कॅनडात? दोन्ही देश संपन्न आहेत. दोन्हींकडे इंग्रजी चालते आणि दोन्हींकडे मराठी मंडळे आहेत. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली दोन्ही देशांतील मराठी माणसे एकत्र येतात. असे असताना कोणी एक देश निवडतो आणि कोणी दुसरा, यामागची कारणे कोणती?

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः पगार, हवामान किंवा नातेवाईक यांच्या आधारे दिले जाते. ही कारणे खरी आहेत. परंतु अपुरी आहेत. निवडीचे मुख्य कारण दोन देशांच्या कायद्यांत दडलेले आहे. ते नीट समजून न घेता घर सोडल्यास त्याची किंमत संपूर्ण कुटुंबास मोजावी लागते. यास्तव या विषयाची माहिती शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी यांना असणे अगत्याचे आहे.

उपनगरांची पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेशी या परिसराचा संबंध जुना आहे. मुलुंडच्या पलीकडे असलेल्या कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथून पदवीधर झाल्या. परंतु तो एका धैर्यशील स्त्रीचा एकाकी प्रवास होता. समूहाने जाण्याची वाट पुढे उपनगरांच्या वाढीबरोबर तयार झाली.

१९५० व १९५७ च्या विस्तारांनी बृहन्मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. १९५८ साली पवई येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. १९६२ मध्ये अंधेरीस सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९७३ मध्ये अंधेरी पूर्व येथे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच 'सीप्झ', स्थापन झाले. संगणकाच्या कामाची निर्यात येथूनच वाढीस लागली. कामाची निर्यात सुरू झाली, की काम करणाऱ्यांचे जाणे-येणे ओघानेच आले. अशा रीतीने अभियंता, संगणकतज्ज्ञ व परिचारिका यांच्या रूपाने उपनगरांतील शिकलेली पिढी अटलांटिकपार जाऊ लागली.

बंद दारे कशी उघडली?

ही दारे पूर्वीपासून उघडी होती, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. कॅनडाने १९०८ साली 'अखंड प्रवासा'ची अट घातली. मायदेशाहून थेट, कोठेही न थांबता आलेल्यासच प्रवेश, असा तो नियम होता. भारताहून तसा प्रवास तेव्हा जवळजवळ अशक्य होता. मे १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांसह व्हँकूवरला पोहोचलेल्या 'कोमागाटा मारू' जहाजातील बहुसंख्य प्रवाशांना याच नियमाच्या आधारे परत पाठविण्यात आले. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातील लोकांस प्रवेशबंदी केली. १९४६ मध्ये ती बंदी उठली, तेव्हा भारतीयांसाठी वर्षाकाठी केवळ १०० जागा ठेवण्यात आल्या. कॅनडाने १९५१ च्या करारान्वये वर्षास १५० भारतीयांना प्रवेश देऊ केला आणि १९५७ मध्ये ही संख्या ३०० केली.

१९६० नंतरच्या दशकात हे चित्र पालटले. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने वंश व राष्ट्र यांवर आधारलेली कोटा पद्धती रद्द केली. कॅनडाने १९६२ मध्ये वंशभेदाचे नियम बहुतांशी दूर केले आणि १९६७ मध्ये गुणांकन पद्धती आणली. शिक्षण, वय, भाषा, कौशल्य इत्यादींसाठी गुण ठरले आणि १०० पैकी ५० गुण मिळविणारा पात्र ठरू लागला. दोन्ही देशांनी दारे उघडली खरी. परंतु ती वेगवेगळ्या पद्धतीने उघडली. आजच्या निवडीचे मूळ या फरकात आहे.

दोन कायदे, दोन प्रश्न

अमेरिकेचा कायदा कुशल कामगारास प्रथम विचारतो, "तुम्हास येथे कोण काम देतो?" कॅनडाचा कायदा प्रामुख्याने विचारतो, "तुम्ही स्वतः कोण आहात?"

अमेरिकेत कुशल कामगाराचा नेहमीचा मार्ग 'एच-१बी' या तात्पुरत्या परवान्यातून जातो. असे नवे परवाने वर्षास ६५,००० व अमेरिकेतील उच्च पदवीधारकांसाठी आणखी २०,००० असतात. अर्ज मालकाने करावयाचा असतो. परवाना सामान्यतः सहा वर्षांपर्यंत चालतो आणि कायम वास्तव्याचा अर्ज पुढे सरकला असेल, तर त्याची मुदत वाढते. कायम वास्तव्याच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या, नोकरीवर आधारित जागा वर्षास सुमारे १,४०,००० असून त्यांत कुटुंबीयांचीही गणना होते. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जागा मिळत नाहीत. भारतासारख्या विशाल देशास आणि आइसलंडसारख्या चिमुकल्या देशास मर्यादा एकच. परिणामी भारतीयांची रांग लांबत गेली. २०२५ मध्ये उच्च पदवीच्या वर्गात ज्यांचा क्रमांक लागत होता, त्यांचे अर्ज २०१३ च्या सुमाराचे होते.

कॅनडात जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' ही पद्धती लागू आहे. उमेदवारास १,२०० पैकी गुण दिले जातात आणि अधिक गुण असणाऱ्यांस निमंत्रण मिळते. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वयोगटास असून ४५ व्या वर्षी ते शून्यावर येतात. जन्मदेशानुसार मर्यादा नाही. निवड झालेली व्यक्ती विमानातून उतरताच कायम रहिवासी होते. तिचा पती वा पत्नीही पहिल्या दिवसापासून काम करू शकते. पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य केल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. या पद्धतीचा लाभ भारतीयांनी मोठ्या प्रमाणावर घेतला. २०२२ साली कॅनडाने सुमारे ४,३७,००० जणांना कायम वास्तव्य दिले. त्यांपैकी सुमारे १,१८,००० भारतीय होते.

एका वर्गातील दोघे

हा फरक संसारात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी घाटकोपरच्या एकाच वर्गात शिकलेल्या दोन अभियंत्यांची कल्पना करू. पहिला न्यू जर्सीस गेला. पगार उत्तम, काम आवडीचे, घरही घेतले. तथापि त्याचे वास्तव्य मालकाशी बांधलेले आहे. नोकरी सुटल्यास सामान्यतः ६० दिवसांत नवा मालक शोधणे वा अन्य व्यवस्था करणे भाग. पत्नी शिकलेली असूनही अनेक वर्षे घरी बसली, कारण अशा काही पत्नींना कामाची अनुमती मिळू लागली ती २०१५ पासून. दोन वर्षांची असताना भारतातून नेलेली मुलगी आता २० वर्षांची आहे. २१ वर्षे पूर्ण झाली, की ती कायद्याच्या दृष्टीने 'आश्रित' राहत नाही. २००२ च्या कायद्याने वयाच्या गणनेत काही सवलत दिली आहे. परंतु ती सर्वांना पुरत नाही. ज्या देशात ती वाढली, तेथे राहण्यासाठी तिला स्वतंत्र परवाना शोधावा लागेल. तिच्या अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्या भावास मात्र जन्मतःच नागरिकत्व आहे. एकाच घरातील दोन भावंडांचे भवितव्य असे वेगळे होते.

दुसरा टोरोंटोजवळ मिसिसागास गेला. वास्तव्याची चिंता नाही. परंतु नोकरी आधी ठरलेली नव्हती. 'कॅनडातील अनुभव' नाही म्हणून त्याचे अनेक अर्ज परत आले. अभियंता म्हणून व्यवसाय करण्यासाठी प्रांताच्या नियामक संस्थेचा परवाना हवा. तोवर पात्रतेहून कमी दर्जाचे काम पत्करावे लागले. घरभाडे जबर, हिवाळा कडक आणि पगार अमेरिकेतील मित्रापेक्षा कमी. मात्र पाच-सहा वर्षांत सारे कुटुंब नागरिक झाले आणि मुलांच्या वयाची धास्ती राहिली नाही.

पहिल्याने आधी मिळकत मिळविली आणि स्थैर्याची वाट पाहिली. दुसऱ्याने आधी स्थैर्य मिळविले आणि मिळकतीची वाट पाहिली. कोणता क्रम पेलवेल, हे वय, व्यवसाय, मुले व शिल्लक यांवर अवलंबून असते.

काही जण दोन्हींचा मेळ घालतात. १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारान्वये, व २०२० पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या करारान्वये, कॅनडाच्या नागरिकास ठरावीक व्यवसायांत अमेरिकेत तात्पुरते काम करता येते. परंतु ग्रीन कार्डाच्या रांगेत जन्मदेश मोजला जातो. कॅनडाचा नागरिक झालेला बोरिवलीकर त्या रांगेत भारतीयच गणला जातो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आई-वडील आणि आरोग्य

उपनगरांतील घरांत मागे राहतात ते बहुधा आई-वडील. त्यांच्या बाबतीत पारडे वेगळे झुकते. अमेरिकेचा २१ वर्षांवरील नागरिक आपल्या आई-वडिलांना संख्येच्या मर्यादेविना कायम वास्तव्यासाठी नेऊ शकतो. अडचण असते ती नागरिकत्वापर्यंत पोहोचण्याचीच. कॅनडात आई-वडिलांसाठीच्या जागा मर्यादित असून निवड निमंत्रणाने होते. मात्र २०११ मध्ये सुरू झालेल्या 'सुपर व्हिसा'वर ते दीर्घकाळ राहू शकतात आणि एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा आहे. त्यासाठी खासगी आरोग्य विमा आवश्यक असतो. कायम रहिवाशांसाठी कॅनडात प्रांतांमार्फत सार्वजनिक आरोग्य विमा आहे. अमेरिकेत नोकरदाराचा विमा बहुधा मालकामार्फत असतो. म्हणजे तेथे नोकरी गेली, तर वास्तव्याबरोबर विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

बदललेली परिस्थिती

पाच-दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आप्ताचा अनुभव आज जसाच्या तसा लागू पडत नाही. घरांची टंचाई व सेवांवरील ताण लक्षात घेऊन कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. कायम वास्तव्याचे २०२५ चे लक्ष्य पूर्वी ५,००,००० होते; ते ३,९५,००० वर आणण्यात आले. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्क आकारण्याची घोषणा झाली. तात्पर्य, शिक्षणासाठी कर्ज काढताना 'पुढे कायम वास्तव्य मिळेलच' असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल.

आपण काय करू शकतो?

परदेशी जाणे वा न जाणे हा प्रत्येक कुटुंबाचा निर्णय. तथापि त्या निर्णयाची बरीच पूर्वतयारी शाळा, ग्रामपंचायत व महानगरपालिका यांच्या दप्तरात होत असते.

पहिली गोष्ट जन्मनोंदीची. अमेरिकेच्या कायम वास्तव्यासाठी बालकाचे व आई-वडिलांचे नाव असलेला जन्मदाखला मागितला जातो. जुन्या नोंदींत बालकाचे नावच नसणे ही आपल्याकडील नित्याची उणीव आहे. नोंद नसल्यास निबंधकाचे अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांसारखे दुय्यम पुरावे द्यावे लागतात. उपनगरांत राहणाऱ्या अनेकांचा जन्म कोकणात वा देशावरच्या गावी झालेला असतो. अशा वेळी गावच्या ग्रामपंचायतीतील एक अचूक नोंद हजारो मैलांवरच्या कुटुंबाच्या उपयोगी पडते. दाखला, गुणपत्रिका व पारपत्र यांतील नावाचे स्पेलिंग एकसारखे राहील, याची दक्षता मुख्याध्यापकांनी घ्यावी.

दुसरी गोष्ट कौशल्याची. कॅनडाने २०२३ पासून विशिष्ट गटांसाठी स्वतंत्र निवड सुरू केली. त्यांत आरोग्यसेवा, फ्रेंच भाषा आणि सुतारकाम, नळकाम यांसारखे व्यवसाय आले. परदेशाची वाट केवळ संगणकाच्या पदवीतून जाते, ही समजूत शिक्षकांनी दूर करावी.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. नोकरीसाठी परदेशी पाठविणाऱ्या दलालांची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली बंधनकारक असून नोंदणीकृत दलालांची यादी केंद्र शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. कॅनडाच्या बाबतीत शुल्क घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील परवानाधारक वकील व नोंदणीकृत सल्लागार यांनाच आहे. 'हमखास व्हिसा' असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. पैसे देण्यापूर्वी सल्लागाराचे नाव तेथील अधिकृत नोंदवहीत तपासावे, एवढी सूचना जरी पालकसभेत वा ग्रामसभेत दिली गेली, तरी अनेक कुटुंबांची आयुष्यभराची बचत वाचेल.