कान वाहतो, पण दुखत नाही

पिंपळवंडीच्या एका शेतकरी घरातल्या ताई मोबाइल नेहमी उजव्याच कानाला लावायच्या. डावा कान लहानपणापासून अधूनमधून फुटायचा. दुखणं नाही, ताप नाही. उशीवर पिवळट डाग आणि घाण वास, एवढंच. कुणी लसणाचं तेल सुचवलं, कुणी थेंब लिहून दिले. वाहणं थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आळेफाट्यावर रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली एसटी कळली नाही, तेव्हा मुलाने त्यांना पुण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथे आधी कान साफ केला, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पडद्याच्या वरच्या भागात खड्डा पडला होता आणि त्यात पांढरट पापुद्र्यांचा गोळा साचला होता. डॉक्टरांनी ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला. ताई चकित झाल्या: “अहो, हा तर डाव्याच कानात मोठा ऐकू येतोय!” याचा अर्थ, ऐकण्याची नस शाबूत आहे, अडथळा मधल्या कानात आहे. ऑडिओग्रामने, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीनेही, तेच सांगितलं. सीटी स्कॅनमध्ये ऐरण नावाचं चिमुकलं हाड झिजलेलं दिसलं.

निदान झालं कोलेस्टिॲटोमाचं.

हा कर्करोग नव्हे. पडद्याची त्वचा आत ओढली जाते, तिचा कोंडा साचत जातो आणि आजूबाजूचं हाड पोखरतो. चेहऱ्याची नस आणि तोल सांभाळणारा अवयव तिथून अगदी जवळ. मेंदू पातळ हाडापलीकडे. थेंबांनी पू कमी होतो, गोळा मात्र शस्त्रक्रियेनेच निघतो. तो पुन्हा होऊ शकतो, म्हणून नंतरही वर्षानुवर्षं तपासणी लागते.

पण पडद्यामागचा प्रत्येक गोळा हाच नसतो. लालसर असेल आणि कानात नाडीसारखे ठोके ऐकू येत असतील, तर ग्लोमस ट्यूमरची शंका घेतात. तो रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. स्कॅनआधी त्याचा तुकडा काढला तर जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी साचून राहिलं, तर नाकाच्या मागे गाठ नाही ना, हेही दुर्बिणीने पाहावं लागतं.

ताई आता भावकीत सगळ्यांना बजावतात, “कान वाहतोय आणि ऐकूही कमी येतंय, तर नुसते थेंब घेऊन परतू नका. कान साफ करून पडदा पूर्ण बघायला सांगा, ऑडिओग्राम करून घ्या.” पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात या तपासण्या होतात. वाहत्या कानासोबत तोंड वाकडं झालं, गरगरायला लागलं किंवा तापासह डोकं जोरात दुखलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.