मनगटातून रक्त कशासाठी घेतात?

कोरोनाच्या साथीत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपल्या वस्त्यांमध्ये पोहोचलं. ऑक्सिजनचं मोल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण दगावले. त्या काळात '९४ च्या खाली गेलं की दवाखाना' हे लहान पोरांनाही पाठ झालं.

पण दवाखान्यात मनगटात सुई घालून रक्त काढायची वेळ आली की नातेवाईक बिथरतात. "बोटाला मशीन आहे ना, मग हे कशाला? हात लुळा पडला तर?" काही जण नकार देतात, आणि उपचाराचा मोलाचा वेळ जातो. म्हणून ही तपासणी नीट समजून घेऊ. तिला डॉक्टर 'एबीजी' म्हणतात, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी.

बोटावरचं मशीन कुठे कमी पडतं?

ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडून ऑक्सिजनचा अंदाज घेतं. तो रोजच्या कामाला उपयोगी आहे, पण:

• शरीरात साठलेला कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. चुलीचा धूर, विडी, कारखान्यातली धूळ यांनी फुफ्फुसं थकलेल्या माणसाचा आकडा ठीक दिसतो, आणि माणूस मात्र गुंगीत जात असतो.

• थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात जातो. मशीन त्यालाही ऑक्सिजन समजतं आणि चांगला आकडा दाखवतं.

• हात गार असेल, नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो.

• काळ्या त्वचेवर ते ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना सुमारे १२ टक्के कृष्णवर्णीय रुग्णांचा खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली होता. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत होतं. म्हणून आकडा चांगला असला तरी धाप लागत असेल, तर धाप खरी माना.

तपासणी कशी होते?

नेहमीचं रक्त शिरेतून घेतात. हे रक्त धमनीतून, बहुधा अंगठ्याच्या बाजूने जिथे नाडी लागते तिथून घेतात. धमनी खोल असल्याने दुखतं जास्त, पण एक-दोन मिलिलिटर रक्त पुरतं. हाताला गंभीर इजा होणं फार क्वचित. रक्त लगेच यंत्रात घालतात; अहवाल काही मिनिटांत मिळतो.

अहवालातले आकडे (मोठ्या माणसांसाठी)

• ऑक्सिजनचा दाब: साधारण ८० ते १००
• कार्बन डायऑक्साइडचा दाब: ३५ ते ४५
• पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता: ७.३५ ते ७.४५

वय आणि आजारानुसार अर्थ बदलतो. नुसत्या आकड्यावरून घरी निष्कर्ष काढू नका.

आपण काय करायचं?

१. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.
२. सुई काढल्यावर किमान पाच मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. गोळी चालू असेल तर आणखी वेळ.
३. हात सुजला, पांढरा पडला, बधिर झाला तर नर्सला लगेच बोलवा.
४. ऑक्सिजनचा नळ स्वतःच्या मनाने वाढवू नका. जुन्या दम्या-खोकल्याने फुफ्फुसं खराब झालेल्या काही रुग्णांना ८८ ते ९२ एवढाच ऑक्सिजन ठेवतात. जादा दिल्यास कार्बन डायऑक्साइड साठतो.
५. "कार्बन डायऑक्साइड किती आला?" हे डॉक्टरांना विचारा. विचारणं हा आपला हक्क आहे.

ओठ निळसर झाले, बोलताना वाक्य पुरं होईना, माणूस गुंगू लागला, तर मशीन शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.