वाळवंटातील धावपटू आणि घामाचा हिशेब

एप्रिल महिन्यात भर दुपारी शाळेच्या मैदानाला दहा फेऱ्या मारा असे कोणी सांगितले, तर तुम्ही त्याच्याकडे बघतच राहाल. पण जगात अशीही माणसे आहेत, की जी त्याहूनही कडक उन्हात, पाठीवर आठवड्याचे अन्न आणि अंथरूण-पांघरूण घेऊन, सुमारे २५० किलोमीटर वाळवंट आपण होऊन तुडवतात! आफ्रिका खंडातील मोरोक्को देशात, सहारा वाळवंटात ही शर्यत भरते. तिचे फ्रेंच नाव आहे ‘माराताँ दे साब्ल’, म्हणजे ‘वाळूची मॅरेथॉन’.

हिची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९८४ साली पात्रिक बावेर नावाच्या फ्रेंच तरुणाने सहारातील सुमारे ३५० किलोमीटरचा प्रवास एकट्याने, पायी, बारा दिवसांत पुरा केला. अन्न आणि पाणी त्याच्या पाठीवरच होते. हा अनुभव इतरांनाही मिळावा म्हणून १९८६ साली त्याने पहिली शर्यत भरवली. तिच्यात केवळ २३ धावपटू होते. पुढे ही संख्या हजारावर गेली. शर्यत अनेक टप्प्यांत, आठवडाभर चालते. त्यातील एक टप्पा तर ८० किलोमीटरच्या आसपास असतो. अन्न ज्याचे त्याने वाहायचे. पाणी मात्र आयोजक ठरावीक ठिकाणी देतात; अनेक वर्षे ते मोजून देत असत.

मोजून का? आणि अशा उन्हात माणसाचे शरीर टिकते तरी कसे? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. चला, आपण थोडे गणित करू.

शरीर नावाची भट्टी

सपाट, टणक जमिनीवर धावताना माणसाला दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. (वाळूत पाय रुततो, म्हणून तेथे जास्तच लागते.) ६० किलो वजनाचा धावपटू ताशी ८ किलोमीटर वेगाने धावला, तर तासाला ६० × ८ = ४८० किलोकॅलरी खर्च होतील. पण आपले स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कामी येतो. उरलेले तीन हिस्से, म्हणजे ३६० किलोकॅलरी, उष्णतेच्या रूपाने अंगातच राहतात.

शरीराचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.८३ आहे. म्हणजे ६० किलोच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. आता ३६० ला ५० ने भागा. उत्तर येते सातपेक्षा थोडे जास्त. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर एका तासात धावपटूचे तापमान ३७ अंशांवरून ४४ अंश सेल्सियसवर जाईल. इतक्या तापमानात माणूस जगणे कठीण. तेव्हा धावपटूची खरी शर्यत प्रतिस्पर्ध्याशी नसते, आपल्याच अंगातल्या उष्णतेशी असते.

एकच दार उघडे

उष्णता बाहेर जाण्याचे मार्ग तुम्हाला ठाऊक आहेत : वहन, अभिसरण आणि प्रारण. पण उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. त्वचा ३५ अंशांवर आणि हवा ४५ अंशांवर असली, वाळू तर त्याहून तापलेली, तर काय होईल? ही तिन्ही दारे उलटी उघडतात. त्यांतून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते.

उरते एकच दार, ते म्हणजे बाष्पीभवन. १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर वाफ होताना ५४० कॅलरी अप्रकट उष्णता लागते, हे तुम्ही शिकला आहात. त्वचेच्या तापमानाला हा आकडा जास्त, म्हणजे सुमारे ५८० असतो. म्हणून १ लीटर घाम वाळला, की अंगातून ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. आपल्या धावपटूच्या ३६० किलोकॅलरींसाठी तासाला सहाशे मिलिलीटरहून थोडा अधिक घाम पुरेल. पण बाहेरून ऊनही उष्णता ओतत असते. त्यामुळे प्रत्यक्षात तासाला लीटरभर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो.

येथे एक शब्द नीट लक्षात ठेवा : घाम ‘वाळला’ पाहिजे. नुसता टपकून खाली पडला, तर काही उपयोग नाही. विदर्भात उन्हाळ्यात कूलर छान गारवा देतो आणि कोकणात तोच कूलर निकामी ठरतो, त्याचे कारणही हेच. हवा कोरडी असली तर पाण्याची वाफ झटकन होते. दमट असली तर होत नाही. वाळवंटातील कोरडी हवा धावपटूच्या बाजूने असते. पण ती फसवतेही. घाम इतक्या लवकर उडून जातो, की अंग ओले झालेले कळतच नाही. कपड्यांवर उमटलेले मिठाचे पांढरे पट्टे तेवढे साक्ष देतात.

नुसते पाणीही घातक

घामात पाण्याबरोबर मीठही जाते. दर लीटरला साधारण १ ते ४ ग्रॅम. गेलेल्या घामापेक्षा जास्त पाणी पिऊन कोणी पोट भरत राहिला, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते. मनुका साध्या पाण्यात टाकली की फुगते, तो परासरणाचा प्रयोग आठवतो ना? तसेच पाणी पेशींत शिरते आणि मेंदूच्या पेशी फुगू लागतात. कवटी टणक, फुगायला जागा नाही! मग डोकेदुखी, उलट्या, भ्रम आणि पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणूनच या शर्यतीत पाण्याबरोबर मिठाच्या गोळ्याही दिल्या जात असत.

शरीर मात्र मोठे शहाणे आहे. दहा ते चौदा दिवस उन्हात बेताबेताने सराव केला, की घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते.

वाट चुकलेला धावपटू

१९९४ सालच्या शर्यतीत मॉरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात सापडला. तो न थांबता पुढे जात राहिला. वादळ शमले तेव्हा वाट नाहीशी झाली होती आणि जवळचे पाणी संपत आले होते. नऊ-दहा दिवसांनी तो सापडला, तो थेट शेजारच्या अल्जीरिया देशात, मार्गापासून सुमारे ३०० किलोमीटर दूर! त्याचे वजन १५ किलोहून अधिक घटले होते. तो वाचला कसा? दिवसा सावलीत पडून राहायचे आणि पहाटे व संध्याकाळी गारव्यात चालायचे, हा क्रम त्याने ठेवला. आपला हिशेब लावून पाहा : धावणे थांबले की भट्टी मंदावते, सावलीत बाहेरची उष्णता कमी मिळते आणि घाम वाचतो. त्याच्याजवळ पाणी वाढवण्याचा उपाय जवळजवळ नव्हता. खर्च कमी करण्याचा होता.

तुमच्यासाठी

हा हिशेब सहाराएवढाच तुमच्या मैदानालाही लागू आहे. उन्हाळ्यात सराव सकाळी करा. ‘खेळताना पाणी पिऊ नये’ हे म्हणणे चूक. आणि ‘जमेल तितके प्यावे’ हेही चूक. तहान लागेल तसे प्या; खूप घाम गेला असेल, तर मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत घ्या. एखादा सोबती उन्हात अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला ताबडतोब सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांना बोलवा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी मुळीच घालू नका.

शेवटी एक प्रयोग. दोन सारखे तापमापक सावलीत टांगा. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोघांनाही पुठ्ठ्याने वारा घाला. दहा मिनिटांनी दोन्ही तापमाने लिहा. कोरड्या दिवशी आणि पावसाळी दिवशी या दोहोंतला फरक किती येतो, ते पाहा. ज्या दिवशी हवा तापलेली आणि फरक थोडा, त्या दिवशी घाम तुमच्या मदतीला येणार नाही. शिक्षकांनी त्या दिवशी मैदानावरचा तास वर्गात घ्यावा, हे उत्तम!