स्वारीच्या घोड्याची निवड : आवड कोठे चालते, कोठे चालत नाही

बेंगळुरूच्या जुन्या नगरीत चिकपेट आणि दोड्डपेट हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या चौकातून केंपेगौडा यांनी १५३७ च्या सुमारास चार दिशांना चार नांगर हाकले आणि बैलांच्या तासांवरून शहराचे मुख्य रस्ते आखले, अशी आख्यायिका आहे. बैलांनी आखलेल्या या पेठेत शंभर वर्षांनी मराठ्यांचे घोडे आले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने बेंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. त्यांचा निवास असलेला गौरी महाल चिकपेटच्या परिसरातच होता, असे मानले जाते. आज तेथे रेशमी कापडाची घाऊक दुकाने आहेत, जमिनीखाली मेट्रोचे स्थानक आहे आणि घोडा दिसलाच तर लग्नाच्या वरातीत दिसतो. तरीही घोडा निवडताना आवड-निवडीला किती वाव द्यावा, या प्रश्नाचा विचार त्या काळापासून सुरू करणे सोयीचे आहे. कारण मराठी फौजेत घोडेस्वारांचे जे दोन वर्ग होते, त्यांच्यापैकी एकालाच हा प्रश्न पडत असे.

बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. जो हाती येईल त्यावर त्याने बसावे, एवढेच त्याचे काम होते. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. घोडा लंगडला किंवा मेला, तर त्याची चाकरीच धोक्यात येत असे. म्हणून शिलेदाराची नजर पारखी असणे ही हौस नव्हती, तो त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. आज सारंगखेड्याच्या, माळेगावच्या किंवा अकलूजच्या बाजारात स्वतःच्या पैशाने घोडा घेणारा शेतकरी शिलेदाराच्याच जागी उभा असतो. घोडा चुकला तर पैसा जातो, आणि स्वारही पडतो. शहाजीराजांसारखा मुरब्बी स्वार २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्याचा पाय अडकून पडला आणि मृत्यू पावला. त्यांची समाधी आजही तेथे आहे. जन्मभर घोड्यावर बसलेल्या माणसालाही घोड्याचा पाय चुकल्याची एवढी किंमत मोजावी लागली. पहिल्यांदाच रिकिबीत पाय घालणाऱ्याने तर अधिकच सावध असावे.

ग्राहकाची पहिली आवड बहुधा रंगाची असते. अबलख, कुमैत, सब्जा, मुश्की असे रंगांचे शब्द मराठीत रुळलेले आहेत. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शुभ समजला जातो व त्याला चढी किंमत मिळते. इंग्लंडमधील जुन्या घोडेवाल्यांची समजूत याच्या नेमकी उलट होती. एक पाय पांढरा असलेला घोडा खुशाल घ्यावा आणि चारही पाय पांढरे असलेला जवळ ठेवू नये, असे ते मानत. एकच खूण एका देशात भाग्याची आणि दुसऱ्या देशात दुर्भाग्याची ठरत असेल, तर ती खूण घोड्याविषयी काही सांगत नाही, एवढा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

भोवऱ्यांचे शास्त्र याहून जुने आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अश्वलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथातही घोड्यांच्या परीक्षेची चर्चा आहे. अंगावरील केसांचे आवर्त कोठे असावेत आणि कोठे नसावेत, याचा या परंपरेत बारकाईने विचार झालेला आहे. मराठी पशुपालकांच्या तोंडी देवमण हा शुभ भोवरा आहे, तर डोळ्याखालचा भोवरा अश्रू ढाळणारा म्हणून टाळला जातो. केसांच्या उलट्या ओळीला गोम म्हणतात. ‘यात काहीतरी गोम आहे’ असे आपण व्यवहारात सहज बोलतो, तेव्हा जनावराच्या बाजारातलीच ही जुनी शंका बोलत असते.

विस्तार कार्यकर्त्याने या समजुतींची थट्टा करू नये. थट्टेने शेतकऱ्याचा विश्वास जातो आणि समजूत तशीच राहते. कपाळावरील भोवऱ्याच्या दिशेचा घोड्याच्या डाव्या-उजव्या कलाशी संबंध आहे काय, हे आयर्लंडमधील संशोधकांनी तपासले आहे आणि असा काही संबंध त्यांना आढळला आहे. परंतु भोवऱ्यामुळे मालकाचे घर बुडते, हे कोणत्याही अभ्यासातून निघत नाही. भोवऱ्याचा खरा परिणाम घोड्याच्या पुनर्विक्रीवर होतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. अशुभ मानलेल्या खुणेचा घोडा पुढे विकताना कमी दाम येतो. मात्र ज्याला घोडा विकायचाच नाही, वर्षानुवर्षे शेतावर वापरायचा आहे, त्याच्यासाठी हाच दोष सवलत ठरतो. उत्तम पायांचा, शांत स्वभावाचा घोडा केवळ डोळ्याखालच्या भोवऱ्यामुळे स्वस्तात मिळत असेल, तर तो घेण्याचा सल्ला निःसंकोचपणे द्यावा. घरातील वडीलधाऱ्यांचे मन त्याला तयार नसेल तर गोष्ट वेगळी. ज्या घोड्याकडे घर संशयाने पाहते, त्याची निगा नीट राहत नाही.

रंगाविषयी ध्यानात घेण्याजोग्या काही गोष्टी मात्र आहेत, आणि त्या शुभाशुभाच्या नव्हेत. सब्जा घोडा जन्मतः गडद असतो व वयाबरोबर पांढरा होत जातो. अशा घोड्यांत उतारवयात, विशेषतः पंधरा वर्षांनंतर, शेपटीखाली व गुदद्वाराभोवती काळ्या गाठी होण्याचे प्रमाण फार मोठे असते. वयस्क सब्जा घोडा घेताना शेपूट उचलून तो भाग पाहिलाच पाहिजे. ज्या पांढऱ्या घोड्याची कातडी गुलाबी आहे, त्याचे नाक व डोळ्यांच्या कडा उन्हाने भाजतात. मराठवाड्याच्या किंवा उत्तर कर्नाटकाच्या उन्हाळ्यात त्याला सावलीची सोय लागते. पांढरा खूर मऊ असतो, ही समजूत मात्र तपासणीत टिकलेली नाही. खुराची मजबुती आहार, ओलावा आणि नालबंदाचे कौशल्य यांवर ठरते.

यानंतर उंचीचा मोह येतो. बाजारात उंची इंचांत बोलली जाते आणि साठ इंचांपलीकडे गेलेल्या घोड्याभोवती गर्दी जमते. उंच घोड्यावर बसलेला माणूस रुबाबदार दिसतो, हे खरेच. पण घोड्याची ताकद उंचीपेक्षा वजनावर आणि पाठीच्या बांध्यावर अवलंबून असते. स्वार आणि खोगीर मिळून होणारा भार घोड्याच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, हा घोडदळाचा जुना नियम आजही उपयोगी आहे. खेड्यात वजनकाटा नसतो, पण मोजपट्टी असते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८७७ ने भागावे, म्हणजे वजन किलोग्रॅममध्ये अंदाजे निघते. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३१२ किलो भरते. त्याचे वीस टक्के म्हणजे ६२ किलो. खोगीर, तंग, रिकिबी यांचे आठ किलो धरले, तर स्वार ५४ किलोंचा हवा. ऐंशी किलोंच्या शेतकऱ्याला त्याच हिशेबाने ४४० किलोंचा घोडा लागेल. हे गणित ग्राहकासमोर कागदावर मांडले की बऱ्याच वेळा निम्म्या घोड्यांवर आपोआप काट बसते, आणि उरलेल्यांत आवडीने निवड करण्यास तो मोकळा होतो.

चालीची आवड ही मात्र खरीखुरी, मान्य करण्याजोगी आवड आहे. दुडकीत पाठीला बसणारे हिसके कोणाला मानवतात, कोणाला नाही. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत आढळणारी रेवाळ चाल पाठीला सुखावह असते. कमरेचा त्रास असलेल्या किंवा दिवसातून तीन-चार तास बांधावरून फिरणाऱ्या माणसाने तिच्यासाठी थोडा अधिक दाम मोजला, तर तो वायफळ खर्च म्हणता येणार नाही. मात्र विक्रेत्याच्या चाबूकस्वाराने दाखवलेली चाल ही त्या चाबूकस्वाराची असते. ग्राहकाने स्वतः बसून तीच चाल निघते का, हे पाहावे. घोड्याला ढोलावर नाचवून दाखवणे हा तर निराळाच धंदा आहे. मागच्या पायांवर उभे राहायला शिकवलेला घोडा स्वारीला घेणे म्हणजे नको ती खोड पैसे देऊन विकत घेणे होय.

स्वभावाच्या बाबतीत आवड आणि गरज यांची सर्वांत जास्त गल्लत होते. तेजस्वी, फुरफुरणारा, जागेवर न ठरणारा घोडा सर्वांना आवडतो, पण तो सांभाळणे थोड्यांनाच जमते. नवशिक्याने न खच्ची केलेला नर टाळावा. घोडी किंवा खच्ची घोडा त्याच्यासाठी बरा. आपल्याकडे खच्चीकरणाविषयी नावड आहे, परंतु ती मुख्यतः मालकाच्या मानापमानाची असते. अरबस्तानातील बदाऊनी टोळ्या चढाईसाठी घोडीच पसंत करीत, कारण ती शत्रूच्या जनावरांचा वास येताच खिंकाळत नाही. बेंगळुरू परिसरात आणखी एक मोह असतो. जवळच तुमकुरू जिल्ह्यात कुणिगल येथे टिपू सुलतानाच्या काळाशी नाते सांगणारे अश्वपैदास केंद्र आहे आणि शहरात शर्यतींचे मैदान आहे. त्यामुळे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे तुलनेने कमी किमतीत मिळतात. ते देखणे असतात, परंतु त्यांना धावायलाच शिकवलेले असते. त्यांचा खुराक महाग, कातडी पातळ, आणि पायांवर शर्यतीच्या जुन्या दुखापती असण्याचा संभव मोठा. अनुभवी स्वाराने, पशुवैद्यकाकडून पाय तपासून, नव्याने शिकवण्याची तयारी ठेवून असा घोडा घ्यावा. चिकपेटसारख्या अरुंद, गाड्यांच्या कर्ण्यांनी भरलेल्या गल्लीत किंवा ट्रॅक्टर-मळणीयंत्राच्या सान्निध्यात तो कसा वागतो, हे पाहिल्याशिवाय नाही.

एक नावड मात्र कधीही दडपू नये, ती म्हणजे स्वाराला वाटणारी भीती. घोडा सर्व परीक्षांना उतरला, पण बसणाऱ्याचा हात थरथरतो, तर सौदा थांबवावा. भित्र्या हाताचा लगाम घोड्याचे तोंड बिघडवतो. उलट, बाजारात फारच गरीब वाटणाऱ्या घोड्याविषयी शंका ठेवावी. तो थकलेला, उपाशी किंवा औषध दिलेला असू शकतो. शक्य असल्यास विक्रेत्याच्या तबेल्यावर सकाळी न कळवता जावे. दावे सोडताना, पाय उचलताना, तंग आवळताना तो काय करतो ते पाहावे. पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहावे.

परीक्षेचा क्रम आवडीच्या उलट असावा. ग्रीक सेनानी झेनोफोन याने इ. स. पू. ४ थ्या शतकात घोडा पारखण्याविषयी लिहिताना खुरांपासून सुरुवात केली आहे. पाया कच्चा असेल तर वरचे घर कितीही देखणे असून उपयोग नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. कठीण जमिनीवर, दोर सैल ठेवून घोडा दुडका चालवावा. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना मान वर जाते. खुरांत भेगा, दुर्गंधी किंवा नळीवर उष्णता जाणवली, तर रंग पाहण्याची गरजच उरत नाही. वय दातांवरून पाहावे. पुढचे दुधाचे दात सुमारे अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांत क्रमाने बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. वरच्या जबड्यातील कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक खाच उमटू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. म्हणून हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने दिलेला निर्दोष अहवाल हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. नवा घोडा दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळा बांधावा.

आवडीचा परिणाम एका सौद्यापुरता राहत नाही. भीमेच्या काठावरून नाव पडलेला भीमथडी घोडा मराठी फौजेत मानाचा होता. पुढे तो जवळजवळ विस्मृतीत गेला, कारण तो मारवाडीपेक्षा ठेंगणा आहे आणि शौकीन ग्राहकाच्या नजरेत भरत नाही. तो टिकला पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातील मेंढपाळ धनगरांच्या वाड्यावर. तेथे त्याच्या पाठीवर भांडीकुंडी, कोकरे, कोंबड्या आणि लहान मुलेही असतात. ज्याच्या पाठीवर लेकरू बसवायचे आणि मोकळ्या रानात दिवसभर चालवायचे, त्याची निवड पायांवर, स्वभावावर आणि कमी चाऱ्यावर तगण्यावर होते. रंगाचा विचार नंतर. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडच्या वर्षांत या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. धोका आता नव्या दिशेने येतो. नोंद झाली, मागणी वाढली, की उंची वाढवण्यासाठी मारवाडी नर वापरण्याचा मोह होतो आणि दोन-तीन पिढ्यांत मूळ गुण पातळ होतात. पैदासकाराने जातीच्याच नराकडून रेतन करावे, शिंगराची जन्मतारीख, आई-बाप आणि दोन वर्षे वयाला घेतलेली मापे वहीत लिहावीत. विकत घेणाऱ्याने ती वही मागावी, आणि साठ ते पासष्ट किलोंच्या स्वाराने मोजपट्टी लावून पाहिल्यावर हा ठेंगणा घोडा आपल्याला पुरतो की नाही, ते स्वतः ठरवावे.