दरीत उतरलेले ऊन

नॉर्वे देशाच्या दक्षिण भागात रियुकान नावाचे एक लहानसे नगर आहे. ते पूर्व-पश्चिम पसरलेल्या एका खोल दरीत वसलेले असून, दक्षिणेस गाउस्ताटोपेन हा १,८८३ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. हा प्रदेश सुमारे ६० उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो. साहजिकच तो डोंगराआड दडून राहतो. सप्टेंबरच्या अखेरीस दिसेनासा झालेला सूर्य मार्चच्या मध्यापर्यंत नगरवासीयांच्या दृष्टीस पडत नाही. उत्तरेकडील डोंगराचा माथा उन्हाने उजळलेला दिसतो; खाली रस्त्यांवर मात्र सावलीच सावली!

अशा जागी माणसे का राहावयास गेली? या दरीत १०४ मीटर उंचीचा एक धबधबा आहे. त्याच्या पाण्यापासून वीज निर्माण करावी व त्या विजेच्या बळावर खते बनवावी, या हेतूने सॅम आयडे या उद्योजकाने विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कारखाने उभारले. कामगारांसाठी नगर वसविले गेले. पाण्याने पोटाची सोय केली. परंतु उन्हाची उणीव पाण्याने कशी भरून निघावी?

ऊन ही केवळ सुखाची वस्तू नव्हे. अंगावर पुरेसे ऊन पडले म्हणजे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. त्याच्या योगाने अन्नातील कॅल्शियम शरीराला मिळते व हाडे बळकट होतात. हे जीवनसत्त्व न मिळाल्यास मुलांना मुडदूस होतो. त्यांच्या पायांची हाडे वाकतात. नॉर्वेत हिवाळ्यातील किरण दुर्बल असल्याने हे काम त्यांच्याकडून होत नाही. म्हणून तेथील लोक हिवाळ्यात मासे खातात व कॉड माशाच्या यकृताचे तेल घेतात. परंतु मनासाठी असे तेल कोठून आणावे? दिवसाच्या उजेडावरच झोपेचे व जागेपणीचे वेळापत्रक चालते. उजेड फार कमी झाला, तर कित्येकांना सुस्ती येते व मन खिन्न होते.

१९१३ साली ऑस्कर किटिल्सन नावाच्या हिशेबनिसाने एका स्थानिक वृत्तपत्रात एक कल्पना मांडली. उत्तरेकडील डोंगरावर ऊन पडतेच. मग तेथे आरसे बसवून ते खाली का पाठवू नये? कल्पना सुंदर होती. पण ती साधण्याची साधने त्या काळी नव्हती. पुढे १९२८ साली कारखान्याच्या कंपनीने लोकांसाठी दोरमार्ग बांधला. पाळण्यात बसून लोक डोंगरावर जात आणि अंगावर ऊन घेऊन परत येत. सूर्य खाली येईना, तेव्हा माणसेच वर गेली!

पुढे मार्टिन अँडरसन नावाचा एक कलावंत तेथे राहावयास आला. लहान लेकराला बाबागाडीत बसवून तो उन्हाच्या शोधात दरीतून दूरदूर जाई. रोज ऊन अधिकच लांब गेलेले असे. त्याने आरशांची जुनी कल्पना पुन्हा मांडली. हा पैसा शाळांवर खर्च करावा, असे म्हणून काहींनी विरोध केला. तरीही अँडरसनने चिकाटी सोडली नाही. अखेर २०१३ साली हेलिकॉप्टरच्या साहाय्याने नगरापासून ४५० मीटर उंचीवर प्रत्येकी १७ चौरस मीटरचे तीन आरसे बसविण्यात आले. संगणकाच्या आज्ञेने ते सूर्याच्या गतीबरोबर वळतात आणि चौकातील सुमारे ६०० चौरस मीटर जागेवर ऊन पाडतात. त्या वर्षीच्या ३० ऑक्टोबरला समारंभ झाला, तेव्हा आबालवृद्ध चौकात जमले. कित्येकांनी काळे चष्मे लावले होते!

सारे नगर उजळावे एवढे ते ऊन नाही. चौकाच्या एका भागापुरतेच ते आहे. तरीही त्यासाठी त्या नगराने शंभर वर्षे वाट पाहिली. जेथे ऊन न बोलावता अंगणात येते, तेथे दार उघडून बाहेर पडण्याचे कष्ट तेवढे माणसाने घ्यावयाचे असतात.

स्वाध्याय
१. रियुकान नगरात हिवाळ्यात ऊन का पडत नाही?
२. ‘सूर्य खाली येईना, तेव्हा माणसेच वर गेली’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. आरशांवर पैसा खर्च करावा की शाळांवर? तुमचे मत कारणांसह लिहा.