उसने शब्द, उसनी जनुकं

गेल्या वर्षी आजीच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट आला. जीवाणू निघाला ई. कोलाय. पुढे औषधांची यादी, आणि बऱ्याच नावांसमोर 'आर', म्हणजे हे औषध चालणार नाही. साध्या जीवाणूला हे बळ आलं कुठून?

उत्तर आपल्या भाषेत सापडतं. बटाटा, चावी, पाव हे शब्द आपण आजीकडूनच शिकलो. पण मराठीला ते प्राकृताकडून वारशाने मिळालेले नाहीत, पोर्तुगीजांकडून आलेत. जीवाणूंचंही तसंच. काही जनुकं वारशाची, काही शेजाऱ्याकडून घेतलेली. मेलेल्या पेशीचा डीएनए उचलून, दोन पेशी जोडल्या जाऊन किंवा विषाणूमार्फत ती येतात.

उसनं ओळखायचं कसं? पाठभेद तपासताना आपण दोन पोथ्या शेजारी ठेवतो, तसे जीनोम शेजारी ठेवायचे. प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी 'के-१२' ई. कोलायचा संपूर्ण जीनोम १९९७ साली प्रसिद्ध झाला. माणसाला आजारी पाडणाऱ्या 'ओ१५७:एच७'चा २००१ साली. दोघांचा सुमारे ४१ लाख अक्षरांचा मजकूर सामाईक निघाला. पण ओ१५७ मध्ये १,३८७ जनुकं अशी होती, जी के-१२ मध्ये नाहीतच. ती मूळ मजकुरात बेटांसारखी विखुरलेली. शिगा हे विष तयार करणारी जनुकं तर तिथे घुसून बसलेल्या विषाणूच्या डीएनएतच आहेत.

मात्र एक सावधगिरी हवी. एका पोथीत ओवी नाही, म्हणजे दुसरीत ती मागाहून घुसडलीच असं नाही. पहिल्या लेखनिकाकडून गळलीही असेल. म्हणून तिसरी पोथी पाहायची, म्हणजे साल्मोनेलासारखा जवळचा नातलग. जनुक तिथेही नसेल, तर ते उसनं असण्याची शक्यता वाढते. शैलीही बोलते: जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण आजूबाजूच्या मजकुरापेक्षा वेगळं असेल, तर संशय बळावतो. अशाच खुणांवरून लॉरेन्स आणि ऑकमन यांनी १९९८ साली के-१२ च्या ४,२८८ पैकी ७५५ जनुकं उसनी ठरवली. म्हणजे निरुपद्रवी वाणातही सुमारे १८ टक्के!

औषधाला दाद न देण्याची जनुकंही पुष्कळदा याच वाटांनी फिरतात. आपण अर्धवट घेतलेली किंवा गरज नसताना घेतलेली प्रत्येक अँटिबायोटिकची गोळी अशी जनुकं बाळगणाऱ्यांना जागा मोकळी करून देते. आजीला शेवटी इंजेक्शन लागू पडलं. तिच्या यादीत एक 'एस' शिल्लक होता, म्हणून.

शब्द उसने घेऊन भाषा श्रीमंत होते. जीवाणूही होतो, किंमत मात्र आपण मोजतो.